एसडीआर रिसीव्हर घरी उभारताना : अँटेना, गेन आणि गोंगाट

लघुलहर (धागाकर्ता)

संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारा अंगठ्याएवढा एसडीआर रिसीव्हर (डोंगल), म्हणजे ज्याचे बरेचसे काम सॉफ्टवेअर करते असा रेडिओ, आणला की आकाशवाणीच्या मध्यम लहरींपासून हवामान उपग्रहांच्या चित्रांपर्यंत बरेच काही घरबसल्या मिळवता येते, हे येथील अनेकांना ठाऊक आहे. तरीही मला खासगी निरोपांतून जे प्रश्न येतात, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच असतो : उपकरण आणले, सॉफ्टवेअर चालू केले, पडद्यावर रंगीत रेघाही उमटल्या, पण ऐकू मात्र काहीच धड येत नाही. त्या सर्वांना वेगवेगळे उत्तर देण्याऐवजी हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगतो. स्वस्त डोंगलला दोष देऊन महाग उपकरण घेण्यापूर्वी अँटेना, गेनची (संकेत किती मोठा करून घ्यायचा याची) मांडणी आणि घरातला विद्युत गोंगाट या तिन्हींचा बंदोबस्त करावा. आणि पडद्यावर दिसणारी प्रत्येक रेघ हवेत खरोखरच आहे, असे कधीही गृहीत धरू नये.

थोडी पार्श्वभूमी देतो. रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप मुळात डीव्हीबी-टी पद्धतीची दूरचित्रवाणी संगणकावर पाहण्यासाठी बनवलेली होती. एफएम रेडिओ ऐकवण्यासाठी तिच्यात अशी सोय ठेवलेली होती, की आलेल्या संकेताचे ८ बिटांचे कच्चे नमुने ती जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते. २०१२ च्या सुमारास ही गोष्ट मुक्त-स्रोत मंडळींच्या ध्यानात आली, ओस्मोकॉम प्रकल्पातील लोकांनी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिले, आणि टीव्हीसाठी विकले जाणारे डोंगल सर्वसाधारण रेडिओ रिसीव्हर म्हणून वापरले जाऊ लागले. आर८२०टी जातीचा ट्यूनर, म्हणजे हवी ती वारंवारता निवडणारा भाग, सोबत असेल, तर सुमारे २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा हाती येतो. नमुने एकदा संगणकात शिरले की केंद्र निवडणे, चाळणे आणि त्यातून आवाज काढणे हे सारे गणित होते. मात्र त्या गणिताच्या आधीचा भाग, म्हणजे अँटेना, केबल आणि ट्यूनर, अजूनही जुन्याच रेडिओच्या नियमांनी चालतो, आणि तिथे झालेली हानी कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

८ बिटांचा अर्थ समजून घेणे येथे उपयोगी पडेल. सिद्धान्ततः संकेताचे आकडे करणारा ८ बिटांचा परिवर्तक सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान संकेत यांच्यात सुमारे ५० डेसिबलचे अंतर सांभाळतो. हे फारच थोडे वाटते, पण २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचे नमुने घेऊन त्यातून २.४ किलोहर्ट्झचा एकच पट्टा वेगळा काढला, तर बाकीच्या पट्ट्यातील गोंगाट बाहेर राहतो आणि आणखी ३० डेसिबल पदरात पडतात. अट एवढीच, की परिवर्तक कोणत्याही क्षणी काठोकाठ भरून सांडता कामा नये. म्हणूनच गेन हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

गेन ठरवण्याची माझी रीत अशी आहे. प्रथम स्वयंचलित गेन बंद करावा. अँटेना काढून ठेवावी आणि गोंगाटाची पातळी पडद्यावर कुठे आहे ते लिहून घ्यावे. मग अँटेना जोडावी, गेन शून्यापासून एकेक पायरी वाढवत न्यावा आणि पातळीकडे लक्ष ठेवावे. आरंभी अँटेना असली काय आणि नसली काय, पातळी तीच राहते, कारण तोवर उपकरणाचा स्वतःचा गोंगाटच वरचढ असतो. ज्या पायरीवर अँटेनामुळे पातळी ठळकपणे, म्हणजे ८-१० डेसिबलने, वर उचललेली दिसते, तिथे थांबावे. त्यापुढे गेन वाढवला तर संकेत आणि गोंगाट बरोबरीने वाढतात, ऐकण्यात काडीचाही फरक पडत नाही आणि ट्यूनर जवळच्या बलवान केंद्रांखाली दबण्याचा धोका मात्र वाढतो. नवशिक्यांचे सुमारे निम्मे प्रश्न गेनची सरकपट्टी शेवटपर्यंत ओढून ठेवल्यामुळे निर्माण होतात, असे माझे निरीक्षण आहे.

नवा_श्रोता

लेख वाचून धीर आला. माझी अडचण गेनच्याही आधीची आहे. विंडोजवर एसडीआर-शार्प चालू केले असता उपकरण सापडत नाही, असा संदेश येतो. यंत्राच्या यादीत मात्र ते टीव्ही ट्यूनर म्हणून व्यवस्थित दिसते.

लघुलहर

विंडोज आपणहून टीव्हीचा ड्रायव्हर बसवते, त्यामुळे कच्चे नमुने मिळण्याची वाट बंद होते. झॅडिग नावाचे छोटे साधन घ्यावे, त्यातील पर्यायांमध्ये सर्व उपकरणे दाखवण्याची सूचना द्यावी, यादीतून ‘बल्क-इन, इंटरफेस शून्य’ ही नोंद निवडावी आणि तिच्यावर विनयूएसबी हा ड्रायव्हर बसवावा. निवड करताना दोनदा पाहावे, कारण त्याच यादीत आपला माऊस आणि कळफलकही असतो. पुढे उपकरण दुसऱ्या यूएसबी खाचेत लावले तर हीच क्रिया पुन्हा करावी लागू शकते. लिनक्सवर अडचण तीच, उपाय वेगळा : कर्नेलमधील डीव्हीबीचा जो भाग उपकरण आपल्या ताब्यात घेतो, त्याला काळ्या यादीत टाकावे लागते. त्यानंतर जीक्यूआरएक्स किंवा एसडीआर प्लस-प्लस यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चालेल.

ड्रायव्हर बसल्यावर आरटीएल-टेस्ट ही आज्ञा काही मिनिटे चालवून नमुने गळत नाहीत ना, ते पाहावे. २.४ मेगाहर्ट्झच्या नमुनादराला दर सेकंदाला ४.८ मेगाबाइट माहिती येते, म्हणजे कच्चे ध्वनिमुद्रण केले तर तासाला सुमारे १७ गिगाबाइट. जुना यूएसबी हब किंवा आभासी यंत्र मध्ये असेल तर ती गळू लागते. उपकरणाची कमाल मर्यादा ३.२ अशी सांगितली जात असली, तरी २.४ च्या वर न जाणेच शहाणपणाचे.

ओहम

धागाकर्त्यांनी केबलचा उल्लेख केला, पण तिच्यावर पुरेसे लिहिले नाही, म्हणून भर घालतो. दुकानदार ५० ओहमची आरजी-५८ केबल सुचवतात, कारण रिसीव्हरची खाच ५० ओहमची असते. माझा आग्रह असा आहे की डिश टीव्हीवाल्यांकडे मिळणारी ७५ ओहमची आरजी-६ घ्यावी. ७५ आणि ५० यांचा मेळ बसत नाही ही शंका रास्त आहे, पण हिशेब करून पाहिला तर या विसंगतीमुळे जेमतेम ४ टक्के शक्ती परत फिरते, म्हणजे ०.२ डेसिबलहूनही कमी तोटा होतो. याउलट १,००० मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-६ मध्ये दर १०० मीटरला सुमारे २० डेसिबल जातात, तर आरजी-५८ मध्ये ५० हून अधिक. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत केबल आणायची असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. एफ जोड ते एसएमए असा एक अडॅप्टर मात्र लागेल. डोंगलसोबत येणारी चुंबकी बुडाची अँटेना आणि तिची सुतळीएवढी केबल बाजूला ठेवून द्यावी.

पर्वतीपायथा

माझ्या पडद्यावर एक विचित्र गोष्ट दिसते. ११०.९ मेगाहर्ट्झवर दोन केंद्रांचे कार्यक्रम एकमेकांत मिसळून, फाटक्या आवाजात ऐकू येतात. तिथे कोणतेही एफएम केंद्र नाही. त्याचप्रमाणे १३७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे हवामान उपग्रहांच्या पट्ट्यात गोंगाटाची पातळी वर-खाली हलत राहते. गेन पूर्ण ठेवलेला आहे. उपकरण खराब आले असावे का?

लघुलहर

उपकरण ठीक असावे. पुण्यात विविध भारती १०१.० वर आणि एक खासगी केंद्र ९१.१ वर आहे. १०१.० ची दुप्पट करून त्यातून ९१.१ वजा केले की नेमके ११०.९ येतात. दोन बलवान संकेत ट्यूनरमध्ये एकाच वेळी शिरले आणि त्यांना हाताळताना तो सरळ रेषेत वागेनासा झाला, की असे तिसऱ्या क्रमाचे भूत जन्माला येते. ते हवेत नसते, आपल्या डोंगलच्या पोटात तयार होते. शेजारच्या मांडवात कर्णे लागलेले असताना खोलीतली कुजबुज ऐकण्याचा प्रयत्न करावा, तशी १३७ च्या पट्ट्यात आपल्या ट्यूनरची अवस्था झाली आहे.

खरे आणि खोटे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. गेन एक-दोन पायऱ्यांनी उतरवावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे अँटेना आणि डोंगल यांच्या मध्ये काही डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे संकेत दुबळा करणारा जोड, लावावा. खरा संकेत जेवढ्यास तेवढा उतरतो. तिसऱ्या क्रमाचे भूत मात्र आत येणारी शक्ती १ डेसिबलने कमी केली तर ३ डेसिबलने खाली येते, त्यामुळे थोडा गेन उतरवताच ते दिसेनासे होते. यानंतर आपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा एफएम फिल्टर लावावा. एफएम केंद्रांजवळ राहणाऱ्या कोणालाही मी उपकरणाच्या पाठोपाठ दुसरी खरेदी हीच सुचवतो. अँटेनापाशी सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर लावायचा असेल तर फिल्टर त्याच्या आधी हवा. नंतर लावला तर भूत अॅम्प्लिफायरमध्येच तयार होऊन पुढे येते आणि फिल्टर त्याला ओळखत नाही.

चौदा_बिट

धागाकर्त्यांच्या मूळ भूमिकेशी मी पूर्णपणे सहमत नाही. मुंबईत उंच इमारतीत राहणाऱ्याला चारी बाजूंनी प्रक्षेपक आणि मोबाइल मनोरे असतात. तिथे ८ बिटांचे उपकरण, त्यापुढे एकामागून एक फिल्टर आणि अटेन्युएटर, हा सगळा खटाटोप करण्याऐवजी आरएसपी१ए सारखे १४ बिटांचे उपकरण घेतले तर १ किलोहर्ट्झपासून २ गिगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एकाच खाचेतून मिळतो आणि पट्ट्यांनुसार निवडले जाणारे फिल्टर आतच असतात. १४ बिटांचे सैद्धान्तिक अंतर ८६ डेसिबल आहे, ५० नव्हे. नवशिक्याला स्वस्तात सुरुवात करायला लावून नंतर त्याला फिल्टरांच्या नादी लावणे हे मला पटत नाही.

लघुलहर

आपल्या म्हणण्यातील एक भाग मान्य आहे : आत बसवलेले फिल्टर ही मोठी सोय आहे आणि मुंबईच्या गजबजाटात तिचे मोल अधिकच. पण बिटांच्या संख्येवर आपण जेवढा भार देत आहात तेवढा तिला पेलत नाही. ११०.९ चे जे भूत वर आले, ते परिवर्तकापर्यंत पोहोचण्याआधी, ट्यूनरच्या पहिल्या टप्प्यातच तयार होते. त्यापुढे ८ बिट असोत वा १४, ते भूत इमानाने मोजलेच जाईल. आणि दुसरे असे, की घरातील एलईडी दिव्याच्या अडॅप्टरने मध्यम लहरींवर गोंगाट ओतला असेल, तर १४ बिटांचे उपकरण तोच गोंगाट अधिक बारकाईने दाखवील.

तारमास्तर

दूरध्वनी खात्यात आयुष्य गेले, म्हणून गोंगाटाबद्दल चार शब्द लिहितो. गोंगाट कुठून येतो हे तर्काने शोधत बसू नये. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, चार्जर काढावा, वॉटरफॉल (पडद्यावर सरकत राहणारा वारंवारतांचा रंगीत आलेख) चालू ठेवावा आणि घराचा मुख्य एमसीबी बंद करावा. पातळी धाडकन खाली आली तर शत्रू घरात आहे. मग एकेक फाटा चालू करत जावे आणि कोणत्या फाट्याला पट्टे उमटतात ते पाहावे. पातळी ढळली नाही तर तो शेजारी, रस्त्यावरच्या दिव्यात किंवा जिन्यातल्या सौर इन्व्हर्टरमध्ये आहे. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे, किंचित सरकत राहणारे जाड पट्टे दिसले की ते स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याचे समजावे. मोबाइलचे चार्जर, राउटरचे अडॅप्टर, टीव्ही आणि एलईडी पट्ट्या हे नेहमीचे आरोपी. गणेशोत्सवात आमच्या गल्लीत चिनी माळा लागल्या की मध्यम लहरींना दहा दिवस सुट्टी द्यावी लागते. त्याला इलाज नाही.

डोंगल लॅपटॉपला थेट टोचू नये. एक-दोन मीटरची जाड, आवरण असलेली यूएसबी वायर घेऊन तो दूर ठेवावा आणि वायरीच्या दोन्ही टोकांना फेराइटचे मणी लावावेत. शक्य असेल तर यूएसबी ३ ची खाच टाळावी. आणि वळवाचा पाऊस किंवा परतीचा मान्सून गडगडू लागला की अँटेनाची केबल उपकरणापासून काढून खिडकीबाहेर सोडावी. वीज प्रत्यक्ष पडायलाच हवी असे नाही. नुसत्या जवळच्या कडकडाटाने तारेवर साचलेला भारही ट्यूनरचा बळी घेतो.

मध्यरात्र

तारमास्तरकाकांनी मध्यम लहरींचा विषय काढला, तर त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण एसडीआरची खरी गंमत मला तिथेच सापडली.

आर८२०टी ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही. म्हणून आरटीएल-एसडीआर ब्लॉगच्या तिसऱ्या आवृत्तीच्या डोंगलमध्ये ट्यूनरला वळसा घालून अँटेना थेट परिवर्तकाला जोडण्याची सोय आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘डायरेक्ट सॅम्पलिंग, क्यू शाखा’ असा पर्याय निवडावा लागतो. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की ट्यूनर मार्गातच नसल्याने गेनच्या सरकपट्टीचा काही उपयोग होत नाही. संकेत जास्त झाला तर बाहेरून अटेन्युएटर लावणे एवढेच हाती राहते. दुसरी अधिक फसवी आहे. परिवर्तक २८.८ मेगाहर्ट्झने नमुने घेतो, त्यामुळे सारा पट्टा १४.४ मेगाहर्ट्झपाशी दुमडतो. १५ मेगाहर्ट्झवरचे केंद्र १३.८ वरही दिसते. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर आहे, आणि तिची प्रतिमा २८.००८ मेगाहर्ट्झवर उमटते. एएम संकेताचा वर्णपट उलटा झाला तरी आवाज तसाच राहतो, त्यामुळे हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्याच्या आरंभी मराठी बातम्या ऐकू येऊन माणूस बुचकळ्यात पडतो. चौथ्या आवृत्तीत २८.८ मेगाहर्ट्झ मिळवून सगळा लघुलहरी पट्टा वर उचलला जातो आणि मग ट्यूनरमधून घेतला जातो, म्हणून ही घडी पडत नाही. पण तिला तिचाच ड्रायव्हर लागतो. जुना ड्रायव्हर असला तर लघुलहरींवर ती मुकी राहते.

अँटेनासाठी खिडकीबाहेर लांब तार सोडण्याचा मोह होतो. फ्लॅटमध्ये ती तार संकेतापेक्षा इमारतीचा गोंगाटच अधिक गोळा करते. त्यापेक्षा साधारण एक मीटर व्यासाचा, फिरवता येणारा लूप घ्यावा. लूप आपल्या पातळीच्या दिशेने उत्तम ऐकतो आणि त्या पातळीला लंब असलेल्या दोन दिशांना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे केंद्र जोरात लावण्याच्या खटपटीत न पडता तो गोंगाट नाहीसा होईपर्यंत फिरवायचा असतो. हे कानांनी करण्यापेक्षा वॉटरफॉलकडे पाहत केले तर ती बहिरी दिशा अगदी थोड्या अंशांत सापडते.

आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पटीत असतात : नागपूर ५८५, पुणे ७९२. दिवसा वातावरणाचा डी थर या लहरी शोषून घेतो, म्हणून फक्त भूपृष्ठालगत येणारी जवळची केंद्रे मिळतात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परततात आणि एकेका वारंवारतेवर दूरदूरची केंद्रे एकावर एक येऊन बसतात. साध्या रेडिओवर तेव्हा नुसता कल्लोळ ऐकू येतो. एसडीआरवर मात्र नमुनादर २५० किलोहर्ट्झपर्यंत खाली आणावा आणि एफएफटीचा (संकेताची वारंवारतांत फोड करणाऱ्या गणिताचा) आकार २,६२,१४४ ठेवावा, म्हणजे एका ठिपक्याची रुंदी १ हर्ट्झहूनही कमी होते. मग त्याच ९ किलोहर्ट्झच्या घरात काही हर्ट्झच्या अंतराने उभ्या असलेल्या दोन-तीन बारीक रेघा दिसतात. त्या वेगवेगळ्या केंद्रांच्या वाहक लहरी होत, कारण प्रत्येक प्रक्षेपकाची नेमकी वारंवारता थोडी वेगळी असते. सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेकडच्या केंद्रांच्या रेघा आधी आणि पश्चिमेकडच्या नंतर उजळतात. मी हे पाहत तासन्‌तास बसू शकतो.

एक सूचना. एखाद्या केंद्राच्या एका बाजूला सपाट माथ्याचा ठोकळा दिसला तर त्याला गोंगाट समजू नका. आकाशवाणीने आपल्या अनेक मध्यम लहरी प्रक्षेपकांवर डीआरएम ही डिजिटल पद्धत आणली आहे आणि तो तिचा ठसा असू शकतो.

नवा_श्रोता

ड्रायव्हर बसला, आवाज आला, आभार. आता पुढचा प्रश्न. पडद्यावरचा आकडा आणि केंद्राची खरी वारंवारता यांत काही किलोहर्ट्झचा फरक आहे. १०१.० मेगाहर्ट्झच्या केंद्रावरून दुरुस्ती करून घेऊ का?

ओहम

एफएम केंद्रावरून करू नका. एफएम प्रक्षेपकाला २ किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा असते, आणि १०० मेगाहर्ट्झला २ किलोहर्ट्झ म्हणजे २० पीपीएम (दशलक्षात २० भाग). आपण जी चूक मोजणार, तीच मोजपट्टीत असू शकते. मध्यम लहरींवरूनही उपयोग नाही, कारण तिथे १ पीपीएम म्हणजे जेमतेम एक-दीड हर्ट्झ. मोबाइलच्या जीएसएम मनोऱ्यांना मात्र आपली वारंवारता ०.०५ पीपीएमच्या आत राखावी लागते, आणि कॅलिब्रेट नावाचा कार्यक्रम त्यांची केवळ समक्रमणाची खूण पाहून आपल्या डोंगलची चूक सांगतो. संभाषणाशी त्याचा काही संबंध येत नाही. उपकरण किमान अर्धा तास चालू ठेवून ते पुरेसे तापल्यावरच मोजावे. साध्या डोंगलची चूक ५० पीपीएमपर्यंतही असू शकते. टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाने फारसे न ढळणारे घड्याळ, असलेल्यांची १ च्या आसपास असते आणि तिथे दुरुस्तीची गरज क्वचितच भासते.

देवगिरी

कायद्याबद्दल कोणी बोलत नाही. हे उपकरण घरी ठेवणे आणि त्यावर वाटेल ते ऐकणे भारतात चालते का?

तारमास्तर

वाटेल ते ऐकणे चालत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचा मूळ रोख परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगण्यालाच मनाई करण्याकडे होता. जनतेसाठी असलेले प्रसारण ऐकण्याच्या रेडिओला लागणारा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. आमच्या पिढीने टपाल कचेरीत तो परवाना नूतनीकरण करून घेतलेला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही दुसऱ्याचे संदेश अनधिकृतपणे अडवणे हा गुन्हाच आहे. पोलीस, विमानसेवा, संरक्षण यांच्या पट्ट्यांकडे फिरकू नये आणि ऐकलेले कोठेही प्रसिद्ध करू नये. आकाशवाणी, हौशी रेडिओ आणि हवामान उपग्रह एवढ्यावर राहावे. ज्याला या छंदात खोल जायचे आहे, त्याने दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. परवाना हाती असला की उपकरणांबद्दलचे प्रश्नही सोपे होतात आणि बोलताही येते.

देवगिरी

काका, स्पष्ट उत्तराबद्दल आभारी आहे. मग हवामान उपग्रहांकडे वळतो. जुन्या लेखांत नोआ १५, १८ आणि १९ या उपग्रहांची चित्रे घेण्याची कृती दिलेली आहे. तीच अजून लागू आहे का?

लघुलहर

ते तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून काढले गेले : नोआ १८ हा जूनमध्ये, तर नोआ १९ आणि नोआ १५ हे ऑगस्टमध्ये. एपीटी या त्यांच्या जुन्या अॅनालॉग पद्धतीची ती टिकटिक आता ऐकू येणार नाही, त्यामुळे जुन्या कृतींवर वेळ घालवू नये. १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाचे मेटिओर-एम क्रमांक २-३ आणि २-४ हे उपग्रह एलआरपीटी या डिजिटल पद्धतीने चित्रे पाठवतात, १३७.९ आणि १३७.१ या दोन वारंवारता तपासाव्यात. एपीटीचे चित्र ४ किलोमीटरच्या बारकाव्याचे होते, हे १ किलोमीटरचे आहे, त्यामुळे बदलात आपला फायदाच झाला. २-४ चा संकेत अधिक भरवशाचा आहे, सुरुवात त्याच्यापासून करावी.

अँटेना स्वतः बनवावी. सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन अॅल्युमिनियम सळ्या, त्यांच्यामध्ये १२० अंशांचा कोन, दोन्ही जमिनीला समांतर आणि कोनाची उघडी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला. हे उपग्रह ध्रुवांवरून, म्हणजे साधारण उत्तर-दक्षिण दिशेने जातात, म्हणून हा रोख ठेवायचा. उपग्रहाचा संकेत वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा असल्याने सरळ अँटेनाने ३ डेसिबल गमावले जातात, पण आडव्या मांडणीमुळे जमिनीवरचे उभ्या ध्रुवीकरणाचे बरेच संकेत दबतात आणि शहरात ही अदलाबदल फायद्याचीच ठरते. उपग्रह येताना आणि जाताना वारंवारता सुमारे ३ किलोहर्ट्झने सरकते; सॅटडंप हे सॉफ्टवेअर ती आपोआप सांभाळते आणि चित्रही तेच जुळवते. गच्ची मोकळी असावी एवढे पाहा. जूनच्या आरंभी दुपारच्या फेरीत अरबी समुद्रावरचे ढग किनाऱ्याकडे सरकताना ज्याने स्वतःच्या अँटेनावर पाहिले, त्याला या खटाटोपाचे कारण विचारावे लागत नाही.

खोडदकर

जुन्नर तालुक्यात राहतो, म्हणून एक अवांतर. आमच्याकडे खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि हा परिसर निवडण्यामागे मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे हे एक मोठे कारण होते. वर तारमास्तरांनी चार्जर आणि माळांबद्दल जे लिहिले, तीच चिंता तिथल्या शास्त्रज्ञांना फार मोठ्या प्रमाणावर असते. हौशी माणसालाही १,४२०.४ मेगाहर्ट्झवरची हायड्रोजनची रेषा याच डोंगलने, जाळीची छोटी तबकडी आणि चांगला अॅम्प्लिफायर जोडून, आकाशगंगेच्या दिशेने मिळवता येते. ती वॉटरफॉलमध्ये दिसत नाही. काही मिनिटांच्या वर्णपटांची सरासरी काढली की हळूहळू उंचवटा वर येतो. उपकरण मात्र थंड ठेवावे, कारण तापलेला आर८२०टी १.५ गिगाहर्ट्झच्या पुढे लावलेल्या वारंवारतेवरची पकड सोडू लागतो.

पर्वतीपायथा

एफएम फिल्टर लावला. ११०.९ चे मिश्रण नाहीसे झाले आणि १३७ ची पातळीही शांत झाली. आता एकच रेघ उरली आहे : बरोबर १४४.० मेगाहर्ट्झवर, बारीक, न हलणारी. गेन उतरवला तरी ती तिप्पट वेगाने खाली येत नाही, म्हणजे आपल्या कसोटीनुसार ती खरी ठरते. हौशी पट्टा तिथेच सुरू होतो, म्हणून कोणाचा तरी बीकन (सतत चालणारा खुणेचा संकेत) असावा का?

लघुलहर

अँटेना काढून पाहा. रेघ तशीच राहील, असा माझा अंदाज आहे. डोंगलचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचे आहे आणि त्याची पाचपट म्हणजे नेमके १४४.०. तशाच रेघा ५७.६, ८६.४ आणि ११५.२ वरही सापडतील. ही रेघ आत तयार होते, पण दोन संकेतांच्या मिश्रणातून नव्हे, म्हणून तिप्पटीची कसोटी तिला लागू पडत नाही. अँटेना काढण्याची कसोटी तिच्यासाठी. हौशी पट्टा ऐकताना त्या एका ठिकाणी नॉच (तेवढीच वारंवारता दाबणारा फिल्टर) लावावा. अवकाश स्थानकाचा १४५.८०० तिच्यापासून पुरेसा दूर आहे. तिथे अडचण येणार नाही.

पर्वतीपायथा

अँटेना काढली. रेघ जागची हलली नाही. ५७.६ आणि ८६.४ वरच्याही सापडल्या.